डॉक्टर, तुम्ही माझ्या आईला चालताना पाहिलंत

डॉक्टर मॅडम,

"जरा दारापर्यंत चालून दाखवता?" हे तुमचं आईशी पहिलं वाक्य. त्याआधी ज्यांच्याकडे गेलो, त्यांतल्या एकानंही तिला खुर्चीतून उठवलं नव्हतं. एकानं गुडघ्यांचा एक्स-रे बघून "झीज आहे, या वयात असं व्हायचंच" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यानं हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणत फाईल मिटली आणि काठी घ्यायला सांगितलं. चालता येत नाही म्हणून आलेल्या बाईचं चालणंच कुणी बघू नये, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आई चालू लागली. पाय फाकलेले, टाचा जमिनीवर आपटत, नजर खाली खिळलेली. मध्येच डाव्या पायातली चप्पल निसटली आणि ती तशीच पुढे गेली. तुम्ही वाकून ती चप्पल उचललीत, तिच्या पायाशी ठेवलीत, घालताना तिला खांद्याचा आधार दिलात. मग माझ्याकडे न बघता तिलाच विचारलंत, "निसटलेली कळली नाही ना तुम्हाला?"

आईला रडू फुटलं. तोवर सगळे तिच्याविषयी माझ्याशी बोलायचे, ती समोर बसलेली असताना.

तिला डोळे मिटून उभं केलंत तेव्हा तुमचे दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंना तयार होते. ती डोलली आणि तुम्ही धरलंत. पाऊल कुठे पडलंय ही खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते, ती पोचत नाही म्हणून या बाई डोळ्यांच्या आधारानं चालतात, हे तुम्ही सांगितलंत आणि सगळं उलगडलं. अंधारात ती का अडखळते, तोंड धुताना डोळे मिटले की तोल का जातो. रक्तात बी-12 जीवनसत्त्व फारच कमी निघालं. हिमोग्लोबिन ठीक असतानाही या कमतरतेनं नसा बिघडतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आणखी कशाकशानं चालणं बिघडतं, हे मी विचारत गेले आणि तुम्ही न कंटाळता सांगत गेलात. पाऊल लुळं पडलेला माणूस पायरी चढावी तसा गुडघा उचलतो, नाहीतर बोटं घासतात. पार्किन्सनच्या आजारात पावलं आखूड पडतात, हात हलत नाहीत, वळायलाच कितीतरी पावलं लागतात. पक्षाघातानंतर ताठरलेला पाय अर्धवर्तुळ काढत पुढे येतो. लहान मेंदू बिघडला तर माणूस झिंगल्यासारखा चालतो आणि लोक त्याला दारुडा ठरवतात. हे ऐकताना फार वाईट वाटलं. असे किती जण नुसती बोलणी खात असतील!

इंजेक्शनं सुरू झाली आणि हळूहळू आईची पावलं सावरली. तळव्यांची बधिरता थोडी उरली आहे. उपचाराला जितका उशीर, तितकं भरून येणं अवघड, हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलं होतंत. त्या खरेपणाबद्दलही आभार. हुशार माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याची चप्पल उचलताना ज्यांना कमीपणा वाटत नाही, अशी फार थोडी. माणुसकी म्हणतात ती हीच, असं मला मनापासून वाटतं.

आईनं एक निरोप दिलाय. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना असं चालणं प्रत्यक्ष दाखवायचं असेल, तर तिला बोलवा. ती येईल, आणि त्यांच्यासमोर हवं तितकं चालून दाखवेल.

तुमची ऋणी,
एका पेशंटची मुलगी