भाडे मोकळे, रस्ता बंद

महोदय,
महालक्ष्म्यांसाठी आम्ही दोघे नागपूरहून पुण्याला लेकीकडे निघालो. सकाळी ४,३०० दाखवणारे विमानाचे तिकीट संध्याकाळी ११,८०० झाले. तरी काढले. वर्धा रोडवर पोलिसाने ऑटो अडवला, ‘साहेबांचा ताफा यायचाय.’ पंचवीस मिनिटे उन्हात, हिच्या मांडीवर करंज्यांचा डबा. पोहोचलो तर काउंटर बंद! तो पोरसवदा शिपाईही घामाने निथळत होता, त्याला काय बोलणार?

विमानसेवा सरकारी कंपन्यांच्याच हाती ठेवणारा १९५३चा कायदा १९९४ मध्ये रद्द करून खासगी कंपन्यांना आकाश मोकळे केले, ठीक. पण मे २०२० ते ऑगस्ट २०२२ सरकारने भाड्याला मर्यादा घातली होतीच ना? मग सणासुदीला का नाही? आमच्या खासदारांना दोन पत्रे लिहिली, पोचही नाही. परतावा मिळाला ६१२ रुपये, माणशी.

– एक ज्येष्ठ वाचक, नागपूर