स्टीव्ह कर सर, बेंचवरून एक थँक्यू

कर सर,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला माहितीये, आणि पोचलं तरी तुम्हाला मराठी कुठून वाचता येणार, पण आभार मानायचे राहून गेलेत ते आता मानतोच. (तुमचं आडनाव मराठीत लिहिलं की 'कर!' असा हुकूम सोडल्यासारखं वाटतं, माझ्या टीमच्या पोरांना त्याची भयंकर मजा येते.)

मी बास्केटबॉलचा, बेंचवरचा प्लेअर. होतो म्हणजे. शाळेत, कॉलेजात, सगळीकडे. वॉर्मअपला सगळ्यात पुढे आणि मॅच सुरू झाली की मांडीवर टॉवेल घेऊन बसलेला. आमच्या तेव्हाच्या कोचने एका अख्ख्या सीझनमध्ये माझ्याकडे वळून फक्त पाण्याची बाटली मागितली, आणि मी ती इतक्या चपळाईने दिली की तोच माझा त्या सीझनचा बेस्ट असिस्ट.

चिडून खेळ सोडणारच होतो, तेवढ्यात एका मित्राने तुमचे खेळाडू असतानाचे आकडे ऐकवले. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, 15 सीझन, 910 मॅचेस, आणि त्यातल्या स्टार्टिंग फाइव्हमध्ये, म्हणजे सुरुवातीलाच उतरणाऱ्या पाच जणांत किती, तर 30. तीसच! तरी नावावर 5 चॅम्पियनशिप, आणि करिअरभराची थ्री पॉइंटर्सची (लांबून मारलेल्या तीन पॉइंटच्या शॉट्सची) टक्केवारी 45.4, लीगच्या इतिहासात सगळ्यात वरची. मला आधी खरंच वाटेना, मग रात्रभर बसून तुमचे जुने व्हिडिओ बघितले.

1997 ची फायनल सगळ्यांनाच पाठ आहे. युटाविरुद्ध सात मॅचेसच्या मालिकेतली सहावी मॅच, स्कोअर 86-86, टाइमआउटमध्ये तुमच्याच टीमचा मायकल जॉर्डन तुमच्या शेजारी बसलेला, आणि तुम्ही त्याला सांगताय की त्यांचा स्टॉकटन मला सोडून तुझ्यावर आला तर मी तयार आहे. आणि तस्संच झालं, पास आला, तुम्ही उचलून टाकला, आत. आणि हा तोच जॉर्डन बरं का, ज्याने 1995 मध्ये प्रॅक्टिसला तुम्हाला ठोसा मारून डोळा काळानिळा केला होता, नंतर फोन करून सॉरी म्हणाला ते सोडा.

पण माझ्यासाठी खरी मॅच 2003 ची. डॅलसविरुद्ध कॉन्फरन्स फायनलची, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीची सहावी. तुम्ही 37 वर्षांचे, त्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) जवळजवळ बसूनच. तुमच्या टीमचा, स्पर्सचा टोनी पार्कर आजारी, टीम मागे, आणि तुम्हाला उठवलं. चार थ्री मारले, चारही आत, 90-78 ने मॅच खिशात. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल देव जाणे. शॉट बघायला नाही हो, शॉटच्या आधीचं बघायला. पाय आधीच वळलेले, हात छातीपाशी, बॉल येतोय तोवर सगळी तयारी झालेली. इतके दिवस बसून राहिलेला माणूस असा तयार कसा राहतो, मला तर पाण्याच्या बाटलीपलीकडे काही सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी टीमच्या अर्धा तास आधी जाऊन शूटिंग करायला लागलो. मला खेळवलं फारसं नाहीच, पण खेळ सुटला नाही, आणि आज मी तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना शिकवतो ते त्यामुळेच.

कोच म्हणून तर तुम्ही अजून मोठे निघालात. 2014 मध्ये एनबीएच्या वॉरियर्स टीमला कोच म्हणून आलात आणि त्यांच्या ज्या इगुओडालाने तोवरच्या सगळ्याच्या सगळ्या 758 मॅचेस स्टार्ट केल्या होत्या त्याला बेंचवर बसायला सांगितलंत. हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर? मग 2015 च्या फायनलमध्ये 1-2 ने मागे असताना चौथ्या मॅचला त्यालाच स्टार्ट केलं, टीम जिंकली, तो फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला. आणि तुम्ही सगळ्यांसमोर सांगून टाकलंत की ही आयडिया निक युरेन या 28 वर्षांच्या असिस्टंटची. (लाइनअप बदलणार नाही असं मॅचआधी पत्रकारांना सांगून खोटं बोललात, तेही तुम्ही नंतर कबूल केलंत. ते पोरांना सांगत नाही मी.)

2018 मध्ये फीनिक्सविरुद्ध तुम्ही टाइमआउटमध्ये प्ले (पुढची चाल) काढून दाखवायचा बोर्ड इगुओडाला, ग्रीन, वेस्ट या तुमच्याच खेळाडूंच्या हातात दिलात. समोरच्या टीमचा अपमान वगैरे काहीजण बोलले, बोलू देत. मी ते चोरलं. मागच्या महिन्यात एका चुरशीच्या मॅचमध्ये शेवटचा टाइमआउट घेतला आणि बोर्ड दिला आमच्या सगळ्यात शांत पोराकडे, जो त्या दिवशी एक मिनिटही खेळला नव्हता. तो गडबडला, मार्कर सुकलेला, थुंकी लावून लावून त्याने कसाबसा एक बाण काढला आणि म्हणाला, "सर, डाव्या कोपऱ्यात त्यांचं कुणी येतच नाहीये, पहिल्यापासून." मी चाळीस मिनिटं साइडलाइनवर ओरडत होतो, मला दिसलं नव्हतं ते.

प्ले बरोब्बर चालला. शॉट मोकळा मिळाला, रिंगवर दोनदा नाचला आणि बाहेर. दोन पॉइंटने हरलो.

पोरगं रडवेलं होऊन आलं, "सर माझ्यामुळे गेली का मॅच?" म्हटलं, अरे मोकळा होता ना तो? मग झालं. पुढच्या मॅचला स्वतःचा नवा मार्कर घेऊन आला, टोपण उघडून दाखवलंन मला, ओला आहे की नाही ते.

थँक्यू सर.

अजूनही बेंचवरच बसणारा,
एक कोच