बेलव्हेडेअरच्या ग्रंथपालांस आभारपत्र

प्रति,
दुर्मिळ ग्रंथ विभागाच्या ग्रंथपाल,
राष्ट्रीय ग्रंथालय, बेलव्हेडेअर वाडा, अलिपूर, कोलकाता

सप्रेम नमस्कार.

औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यावरील माझे लेखन पूर्ण झाले, म्हणून हे पत्र. औरंगजेबाच्या छावणीतले अखबारात, म्हणजे दरबारची रोजची बातमीपत्रे, बंगाली इतिहासकार सर जदुनाथ सरकारांनी नकलून घेतली आणि त्यांचा संग्रह आज आपल्या ग्रंथालयात आहे, एवढे मला ठाऊक होते. परंतु जुन्या पुस्तकांच्या तळटीपांतून उतरवून आणलेले संदर्भ आपल्या सूचीशी जुळेनात, तेव्हा आपण शांतपणे एकेक बाड काढून प्रत्येक पानावरचे जुलूस वर्ष, म्हणजे बादशहाच्या राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष, आणि हिजरी महिना पाहिलात व सारा मेळ बसवून दिलात. डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० हा वेढ्याचा काळ ४३ आणि ४४ अशा दोन जुलूस वर्षांत विभागला जातो, हे आपण लक्षात आणून दिले नसते, तर निम्मा वेढा माझ्या हातून निसटला असता. ठिसूळ पान उलटण्यापूर्वी त्याखाली कोरा कागद सरकवण्याची आपली रीत मी तेव्हाच उचलली.

मराठ्यांचा इतिहास कोलकात्यात शोधावा लागतो याचे इकडे अनेकांना नवल वाटते. मला ते तितकेसे वाटत नाही, कारण कामशेतच्या मराठी इतिहासकार गो. स. सरदेसायांची आणि जदुनाथांची मैत्री आयुष्यभराची होती, आणि पुणे रेसिडेन्सीच्या, म्हणजे पेशव्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज वकिलाच्या कचेरीच्या, पत्रव्यवहाराचे खंड दोघांच्या देखरेखीखाली निघाले. (मतभेदही झाले, पण कागदांची देवघेव थांबली नाही.) शत्रूच्या छावणीत लिहिलेली बातमी मराठी बखरींशेजारी ठेवून वाचता येते ती या संग्रहामुळे. जदुनाथांच्या पश्चात त्यांचा ग्रंथसंग्रह फुटून जुन्या बाजारात गेला असता, तर ही सोय उरली नसती. आमच्याकडे किती वाड्यांतली दप्तरे रद्दीत गेली, हे आपल्याला मी काय सांगावे!

पुस्तक लवकरच छापून होईल. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशक एक प्रत ग्रंथालयाला पाठवतीलच. दुसरी प्रत मी आपल्या नावे वेगळी पाठवीत आहे. तळटीपांत बाडांचे क्रमांक आपण लावून दिल्याप्रमाणेच छापले आहेत.

आपला ऋणी,
साताऱ्याचा एक अभ्यासक