आठवीच्या तासिकेसाठी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

मुलांना ऑनलाइन माहिती कशी जपायची यावर तासिका घ्यायची आहे, काय सांगू, असं परवा विचारलंस. फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो आहे.

ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे मुलांना तोंडपाठ असतं. तरी गेममधले डायमंड फुकट मिळतात म्हटल्यावर तीच मुलं भलत्या लिंकवर पासवर्ड टाकतात. तेव्हा नियम सांगत बसू नकोस. फळ्यावर वाढदिवसाचा एक फोटो रेखाट. मुलाच्या गणवेशावर शाळेचं नाव, मागे सोसायटीची पाटी, खाली पूर्ण नाव आणि ‘आज १३ पूर्ण’. यावरून काय काय कळतं, ते त्यांनाच शोधू दे. मग सांग, की ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं वर्ष. दोन्ही त्या फोटोखालीच आहे! शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर उतरवलेली पीडीएफ तिथेच राहिली, तर ती कुणालाही उघडता येईल. फाइल डिलीट करायची, रिसायकल बिनही रिकामं करायचं, लॉगआउट करूनच उठायचं, हे त्यांच्याकडून करवून घे. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्यायचं. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

आता तुझ्यापुरतं. संचमान्यतेची, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदं मंजूर होण्याची, घाई सुरू झाली की मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक यांची एक्सेल यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते आणि किती मोबाइलमध्ये जाऊन बसते याचा पत्ता लागत नाही. तू तसं करू नकोस. चूक दुरुस्त करायची असेल तर त्या एकाच पालकाला बोलावून घे. वेळ जाईल, वरून तगादाही येईल, तरीही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यायला सांगितलं आहे. पण कायदा नसता तरी मी तुला हेच लिहिलं असतं. मुलांनी विश्वासाने आपल्या हाती दिलेली ती माहिती आहे.

सर्वांत जास्त वेळ शेवटच्या भागाला ठेव. एखाद्या मुलीचा फोटो कुणी मागून घेतला आणि आता तो धमकावतो आहे, तर ती घरी बोलत नाही. मोबाइल काढून घेतील, शाळा बंद करतील, ही धास्ती असते. धमकावणाऱ्याचं सगळं बळ त्या गप्प राहण्यात आहे. ‘काहीही झालेलं असू दे, मी रागावणार नाही, आधी माझ्याकडे ये’, हे वर्गात स्पष्ट शब्दांत बोल. मेसेज डिलीट करायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे, पैसे द्यायचे नाहीत. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. मुलांसाठीचा १०९८ हा नंबरही फळ्यावर लिही आणि वहीत उतरवून घ्यायला लाव.

पालकसभेतही यातलं थोडं बोललीस तर बरं. आई विचारते आहे, दिवाळीला कधी निघणार?

तुझे
बाबा