व्यायामातील खाडा आणि सातत्य

महोदय,

नव्या वर्षात ठाण्यातील मासुंदा किंवा उपवन तलावाकाठी फिरायला येणाऱ्यांची वाढलेली गर्दी काही आठवड्यांत ओसरते आणि आपण त्याचे खापर आळसावर फोडतो; मला ते अन्यायाचे वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तेव्हा ठरावीक वेळेशी किंवा प्रसंगाशी जोडलेली नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, मात्र व्यक्तीनुसार हा काळ १८ ते २५४ दिवस असू शकतो, असा त्यांचा अंदाज निघाला. एखाद्या दिवसाच्या खाड्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. एकवीस दिवसांत सवय जडते या समजुतीपायी कित्येक जण अर्ध्यावरच हताश होतात, याचे वाईट वाटते.

पहाटे लोकल गाठणाऱ्या ठाणेकराला रोज व्यायामशाळा कशी जमावी? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे आणि २०२० च्या शिफारशींत सलग दहा मिनिटांची जुनी अटही काढून टाकली आहे. त्यामुळे घरापासून स्थानकापर्यंत झपझप चाललेली आठ मिनिटेही जमेस धरता येतात. स्नायूंच्या बळकटीसाठी आठवड्यातून दोन दिवस बैठका, जोर पुरेत, तेही घरच्या घरी.

म्हणूनच स्थानकाकडे जाणारे पदपथ महापालिकेने मोकळे आणि उजेडाचे ठेवावेत, ही विनंती.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे