पोलिसांना बोलवा असं तुम्हीच म्हणालात, आबा

आदरणीय आबांना सप्रेम नमस्कार,

पेढे घेऊन तुमच्या घरी आले, तेव्हा तुम्ही पेढे ठेवून घेतले आणि आभार परत केले. "माझे आभार मानून काय करशील माय, झालं ते चार बायांना सांग," म्हणालात. दुकानात चोरीच्या आळावरून मला कोंडलं आणि तुम्ही सोडवलंत, ते सांगून पाहिलं. पण प्रत्येक जण निम्म्यातच विचारते, "मग पैसे देऊन मोकळी का नाही झालीस? कशाला पोलिसांची भानगड?" तोंडी सांगण्यात ते पुढचं राहूनच जातं. म्हणून हे सगळ्यांसाठी लिहिते, तुम्हाला उद्देशून. तुमचं खरं नाव लिहू नको म्हणालात, ते पाळलं आहे.

तुम्ही वर आलात तोवर बरंच होऊन गेलं होतं. आखाजी (अक्षय तृतीया) तोंडावर आलेली, जळगावात पाय ठेवायला जागा नव्हती. फुले मार्केटातून अस्तर, फॉल, हुक आणि रिळं घेतली आणि भाचीला फ्रॉक घ्यायला त्या मोठ्या दुकानात शिरले. फ्रॉक 640 रुपयांचा. बिल केलं, दारातल्या माणसाने बिलावर शिक्काही मारला. पुढे पाऊल टाकलं आणि दारातलं चोरी पकडायचं गेट वाजलं. त्याने हातातली पिशवी घेतली आणि तिथेच पायरीवर ओतली. रिळं गडगडत लोकांच्या पायात गेली. एका बाईच्या चपलेखाली लाल रीळ आलं, तिने ते उचललं नाही, नुसता पाय बाजूला घेतला. फ्रॉक निघाला, बिल निघालं, दोन्हीचा मेळ बसला. तरी "वर चला".

वरच्या खोलीत मॅनेजरसाहेबांनी दार लोटून कडी लावली. भिंतीवर पाटी होती: चोरी करताना सापडल्यास मालाच्या दहापट दंड. साहेबांनी कागद पुढे सरकवला. "चूक झाली असं लिहा, फोटो काढून घेतो, दंड भरा आणि जा. नाहीतर पोलीस बोलवावे लागतील." कामावरच्या एका मुलीला म्हणाले, यांना आत नेऊन नीट तपास. ती मुलगी माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली. भाची तर हुंदके देत होती.

तेवढ्यात तुम्ही दार वाजवलंत. खाली रांगेत होतात, पायरीवरचा प्रकार पाहिला होता. आधी माझ्याकडे वळून म्हणालात, "घाबरू नको माय, मी शे आठे," म्हणजे मी आहे इथे. मग साहेबांकडे वळून एकदम कोर्टातल्या मराठीत, "साहेब, आपण या बाईंना कोणत्या कलमाखाली थांबवलं आहे?"

ते म्हणाले, "आजोबा, तुम्ही मधे पडू नका, पोलिसांना बोलवीन."

"बोलवा. फोन नसेल तर माझ्याकडून घ्या. एकशे बारा लावा. महिला पोलीस पाठवा म्हणावं."

आबा, खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचाच राग आला. आपल्याकडे घरासमोर पोलिसांची गाडी थांबली तरी आठ दिवस बोलणी चालतात. पण साहेबांचा चेहरा उतरला आणि मला कळलं की पोलीस यायला नको होते ते त्यांना. बंद खोलीत कायदा त्यांचा होता. पोलीस आले असते तर नोंद झाली असती, वेळ लिहिली गेली असती, आणि कडी कोणी लावली हेही कोणीतरी विचारलं असतं.

बेलिफाची, म्हणजे कोर्टाच्या नोटिसा पोचवायची, नोकरी करून निवृत्त झालेला माणूस कायदा इतका सोपा करून सांगतो, हे मला माहीत नव्हतं. वकिलांनाही सांगावं लागत असेल, "त्या बेलिफांना विचारा." तुम्ही त्या खोलीत आणि नंतर तुमच्या ओट्यावर जे सांगितलंत, ते मला समजलं तसं लिहिते.

दुकानदाराला शंका आली तर विचारायचा हक्क आहे. बिल दाखवा म्हणायचा हक्क आहे. डोळ्यांदेखत कोणी माल उचलून पळत असेल तर आपला माल वाचवायचाही हक्क आहे. पण गेट वाजलं एवढ्यावरून माणसाला धरून ठेवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे साध्या नागरिकाला दुसऱ्याला अटक करता येते, पण गुन्हा त्याच्या समोर घडलेला हवा आणि तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) हवा. शिवाय उगाच वेळ न काढता, फार तर सहा तासांच्या आत, त्या माणसाला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र असते, पण माल ठेवायच्या इमारतीतल्या चोरीला कडक कलम लागू शकतं. माझ्या बाबतीत तर कोणाच्या डोळ्यांसमोर चोरी झालीच नव्हती, मग मला अटक कशी करणार?

याउलट, वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 चा गुन्हा आणि कोंडून ठेवणं हा 127 चा. कोंडून ठेवल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हे दोन्ही गुन्हे दखलपात्र. माझ्यावर नुसता आळ, त्यांची कडी मात्र दखलपात्र! हे तुम्ही सांगितलंत तेव्हा साहेब खुर्चीतून उठले आणि स्वतःच्या हाताने कडी काढली. ते दृश्य मी जन्मभर विसरणार नाही. (आमचे हे म्हणतात, तू ते वाढवून सांगतेस. ते तिथे नव्हते.)

पाटीवरचा दहापट दंड तर कोणत्याच कायद्यात नाही. दंड करतं ते न्यायालय. बदनामीची किंवा तक्रारीची भीती घालून पैसे काढले तर ती खंडणी होऊ शकते, कलम 308, शिक्षा सात वर्षांपर्यंत. फोटो काढून "चोर" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला तर ती बदनामी, कलम 356. झडतीचं म्हणाल, तर अटक केलेल्या बाईची झडती पुरुष पोलीससुद्धा घेऊ शकत नाही, ती बाईनेच आणि सभ्यता पाळून घ्यायची असते. मग दुकानातल्या मुलीला माझ्या पदराला हात लावायचा हक्क कुठून आला? माझी परवानगी असेल तरच, आणि परवानगी न देणं म्हणजे कबुली देणं नव्हे. कागदावर मात्र काहीही लिहून द्यायचं नाही, सही तर नाहीच. तो कागद नंतर आपल्याच गळ्यात येतो.

गेट का वाजलं ते शेवटी मीच शोधलं, त्याचं श्रेय तुम्हाला देणार नाही. भाचीच्या अंगात तिच्या मामाने सुरतेहून पाठवलेला टॉप होता. बाजूच्या शिवणीत धुण्याच्या सूचनांची पांढरी पट्टी असते ना, ती बोटात धरली तर जाड आणि कडक लागली. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोटाला कळतंच. तिथल्याच कात्रीने उसवली, तर आत पातळ धातूचं चौकोनी वेटोळं. गेट सोडतं त्या रेडिओ लहरींना ते वेटोळं उत्तर देतं. बिल करताना ते पॅडवरून फिरवून निकामी करायचं असतं, सुरतेच्या दुकानात ते राहून गेलं. तसं राहिलं की त्याच पद्धतीचं गेट ज्या दुकानात असेल तिथे बोंब ठोकतं. यंत्राला चोर कळत नाही, पट्टी कळते.

पण माणसांचं काय? माझ्या आधी दोन मुली गेल्या तेव्हाही गेट वाजलं होतं. महागडे गॉगल, हातात गाडीची किल्ली. दारातला हसला आणि "जा ताई" म्हणाला. माझी कापडी पिशवी वाजली की ओतली. त्या पोराला मी फार दोष देत नाही, तो ठेकेदाराकडून आलेला, काही चोरीला गेलं तर कदाचित त्याच्याच पगारातून कापत असतील. तरीही कोणाला थांबवायचं हे तो चेहरा बघूनच ठरवतो. तुम्ही ओट्यावर म्हणालात, "तुझी झडती एकदा झाली माय, पारध्याच्या पोराची रोज होते." 1871 च्या इंग्रजी कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण संशयी नजर गेली नाही. सातपुड्यातून चोपड्याला, शहाद्याला बाजाराला येणाऱ्या पावरा आणि भिल्ल बायांच्या मागे दुकानात कोण कसं फिरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा बाईला चारचौघांत जातीवरून हिणवलं तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

आबा, नंतरचं थोडक्यात. त्याच दिवशी तुम्ही अर्ज लिहून घेतलात: गेटवरचं, जिन्यातलं आणि खोलीतलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, त्यावर नवीन चित्रण होऊ देऊ नका. पोच घेतल्याशिवाय तुम्ही हललाच नाहीत. पुढच्या आठवड्यात दुकानाने शिक्क्यानिशी माफीपत्र दिलं. पाटी आहे की काढली ते पाहायला मी गेलेले नाही. घरचे म्हणतात, विषय संपव. बहीण म्हणते, ग्राहक आयोगात जा. जिल्हा आयोगात यायला दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही. बाईला मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. माझं अजून ठरलेलं नाही. भाचीला मात्र जावंसं वाटतं. तिला साहेबांना विचारायचं आहे, कडी का लावली.

फी विचारली तेव्हा हसलात. मी लेडीज टेलर असले तरी नेहरू शर्ट मला उत्तम जमतो. पांढरं सुती कापड आणून ठेवलं आहे. तुमचा एखादा जुना शर्ट मापासाठी नातवाबरोबर पाठवून द्या, खिसे किती आणि कुठे हवेत तेही चिठ्ठीवर लिहा. कानबाईच्या सणाआधी शिवून देते.

तुमची,
अमळनेरची शिवणवाली