पेन्शनला येण्याआधीचं वर्ष

कोल्हापूर,
रविवार

प्रिय भावा,

पत्र पोचलं. पुढच्या सप्टेंबरला मिलिटरीतून पेन्शनला येतोयस, आणि "मिलिटरीवाल्याला सरकारी नोकरी लागतेच म्हणतात, खरं काय?" असं विचारलंयस. लागतेच असं काही नाही बघ. जागा राखीव असते, पण तिथवर पोचायला कागद लागतो आणि मार्क लागतात. आणि यातली निम्मी तयारी युनिटात असतानाच करायची असते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आकडे. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के. झेडपी, महसूल, पोलीस सगळं यात आलं. केंद्राच्या गट क मध्ये 10 टक्के, जुन्या गट ड च्या पदांना, म्हणजे आता रेल्वेची लेव्हल 1 वगैरे, 20 टक्के. सरकारी बँकांत क्लार्कला 14.5 आणि शिपाई वर्गाला 24.5, त्यात 4.5 टक्के अपंग माजी सैनिक आणि शहिदांच्या घरच्यांसाठी धरलेले असतात. वरच्या बहुतेक अधिकारी पदांवर हे मिळत नाही, तिथं फार तर वयाची सवलत.

आता 15 टक्के ऐकून हुरळू नकोस. हे समांतर आरक्षण आहे. म्हणजे एकूण जागांतून थेट 15 टक्के काढत नाहीत, प्रत्येक प्रवर्गाच्या आत वेगळे काढतात. खुल्याच्या 20 जागा असतील तर 3 माजी सैनिकांच्या, सरळ हिशोब. पण भ.ज.-ब (भटक्या जमाती-ब) च्या 3 जागा असतील तर 15 टक्के म्हणजे 0.45, आणि अर्ध्याच्या खाली गेलं की शून्य. असे चार प्रवर्ग प्रत्येकी 3 जागांचे असले तर 12 जागा होतात. एकत्र धरल्या असत्या तर 1.8, म्हणजे 2 जागा निघाल्या असत्या. वेगवेगळ्या धरल्या की एकही नाही. माझ्या मते सैनिकाचं सगळ्यात जास्त नुकसान या अपूर्णांकात होतं, आणि त्यावर कोणी बोलत नाही. म्हणून जाहिरात आली की पहिलं पान सोड, प्रवर्गनिहाय तक्ता उघड आणि आपल्या रकान्यात माजी सैनिकांपुढं काय लिहिलंय ते बघ. शून्य असेल तर खुल्या प्रवर्गातला माजी सैनिकांचा रकाना बघायचा. मार्क बसत असतील तर मागास प्रवर्गातला माजी सैनिकही त्या जागेवर जाऊ शकतो. सुप्रीम कोर्टानं 2020 च्या सौरव यादव निकालात हे स्पष्ट केलंय.

वयाची काळजी करू नकोस. सेवेची वर्षं अधिक 3, एवढी सवलत. तुझी सेवा 17, म्हणजे 20 वर्षं. राज्यात खुल्या प्रवर्गाची मर्यादा 38, ती तुला 58 पडते. (58 ला गट क चा माणूस रिटायर होतो, म्हणजे मर्यादा नसल्यातच जमा!) पोलीस शिपायाला 28 ची मर्यादा, ती 48 होते.

फॉर्ममध्ये चुका होतात त्या सेवेच्या कालावधीत. कसम परेडची तारीख घालू नकोस, भरतीची घाल. समज भरती 28 सप्टेंबर 2004 ची आणि डिस्चार्ज 30 सप्टेंबर 2021 चा, तर 17 वर्षं 0 महिने 3 दिवस. डिस्चार्ज बुकात जे आहे तेच फॉर्मवर पाहिजे, नाहीतर कागदपत्र पडताळणीला अडकतोस. दुसरी चूक पोरांची. बाप मिलिटरीत होता म्हणून पोरगं "माजी सैनिक" रकान्यात होय करतं. हा रकाना स्वतः नोकरी केलेल्यासाठी आहे. पडताळणीत उमेदवारी जाते. तुझ्या पुतण्याला हे आत्ताच सांगून ठेव.

माजी सैनिक कोणाला म्हणायचं यातही गोंधळ आहे. पेन्शन बसण्याआधी स्वतःहून सोडून आला तर तो यात बसत नाही. पेन्शन बसल्यावर स्वतःच्या विनंतीवरून आला तर बसतो. पण डिस्चार्ज बुकात दोघांच्याही कारणात "स्वतःच्या विनंतीवरून" असंच येतं, आणि टेबलामागचा माणूस तेवढंच वाचून शंका काढतो. म्हणून पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत कायम डिस्चार्ज बुकाच्या मागे लावायची. आपल्या टेंबलाईवरच्या टीए (टेरिटोरियल आर्मी) बटालियनमधली पोरंही विचारतात. टीएला पेन्शन, सेवेत आलेलं अपंगत्व किंवा शौर्यपदक असेल तरच. अग्निवीरांचं खातं वेगळं, त्यात आता शिरत नाही.

शिक्षणाचं. तू बारावी. दहावी झालेल्या आणि 15 वर्षं सेवा केलेल्या माणसाला गट क च्या अतांत्रिक पदांना पदवीधर धरतात. त्याचं सर्टिफिकेट डिस्चार्जच्या वेळीच मागून घे, आल्यावर रेकॉर्ड ऑफिसला पत्रं पाठवत बसायला नको. पण ते ज्युनिअर इंजिनिअरला किंवा नर्सिंगला चालत नाही. लिपिकाला मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंग मागितलं असेल तर तो वेगळा विषय, त्याचा क्लास लाव.

आता नाव. तुझं दहावीच्या सर्टिफिकेटवर नाव, बापाचं नाव, आडनाव असं आहे. मिलिटरीत आडनाव पुढं आलंय आणि बापाचं नाव बहुतेक गायबच असेल. आधारवर तिसरंच. जन्मतारीख आणि गावाचं स्पेलिंगही ताडून बघ. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, म्हणजे आपल्या हाताशी. तरी सेवेत असताना युनिटच्या क्लार्ककडून पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमधल्या बदलाचा आदेश) निघते ते सोपं. बाहेर आल्यावर प्रतिज्ञापत्र, गॅझेट, हेलपाटे.

केंद्राच्या आणि बँकांच्या भरतीला तू आत्ताच फॉर्म भरू शकतोस. अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून वर्षाच्या आत सेवेची मुदत संपत असली की चालतं, सीओंचं (कमांडिंग ऑफिसरचं) सर्टिफिकेट लागतं. राज्याच्या जाहिरातीत कोणती तारीख धरलीय ते ओळ न ओळ वाच.

आणि जागा रिकाम्या का जातात ते ऐक. तलाठी भरती 2023 ची परीक्षा 100 प्रश्नांची, 200 मार्कांची, आणि यादीत यायला किमान 45 टक्के, म्हणजे 90. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता-अंकगणित. शेकडेवारी, काळ-काम-वेग सोडून वीस वर्षं झालेला माणूस तिथं 70-75 वर अडकतो. पात्र माजी सैनिक मिळाला नाही की ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते, पुढच्या भरतीसाठी शिल्लक राहत नाही. सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या जिल्ह्यात असं व्हावं याचा मला राग येतो, पण दोष कटऑफचा नाही. रोज दीड तास गणित आणि इंग्रजी व्याकरण धर. धावण्याचं तुला सांगायला नको.

शेवटचं, आणि हे फार जणांना माहीत नसतं. केंद्राच्या नियमात माजी सैनिकाच्या कोट्यातून एकदा सरकारी नोकरीत रुजू झालास की पुढच्या नोकरीसाठी कोटा संपला, वयाची सवलत तेवढी राहते. रेल्वेत लेव्हल 1 ला चिकटलास आणि मागून बँकेचा निकाल आला तर? वाट आहे. ऑगस्ट 2014 च्या आदेशाप्रमाणे, रुजू होण्याआधी जिथं जिथं अर्ज केलेत त्यांची तारीखवार यादी रुजू होतानाच नव्या साहेबाला लेखी द्यायची. मग त्या अर्जांपुरता कोट्याचा हक्क शाबूत राहतो. त्यासाठी आजपासून एक वही घाल: जाहिरात क्रमांक, पद, अर्जाची तारीख, नोंदणी क्रमांक. आणि त्या यादीची पोच शिक्क्यासकट घे.

आल्यावर पहिल्या आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदव, ओळखपत्राचं आणि रोजगाराचं दोन्ही. तोवर एक काम कर. दहावीचं सर्टिफिकेट, आधार आणि युनिटातल्या रेकॉर्डचं पहिलं पान, तिन्हीचे फोटो एका खाली एक लावून मला व्हॉट्सअॅप कर. दिवाळीच्या सुट्टीआधी नावाचं बघून टाकू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र